आकडा ६६, पण कशाचा?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली आई. मुलगा सहा वर्षं चार महिन्यांचा. सांगितलेलं सगळं कळतं, पण बोलणं वीस-पंचवीस शब्दांचं, तेही घरच्यांनाच कळेल असं. एकच शब्द सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा: 'पाणी' कधी 'पाई', कधी 'आनी', कधी नुसतं 'आ'. जिल्ह्याच्या गावातल्या स्पीच थेरपिस्टनी 'चाइल्डहूड अ‍ॅप्रॅक्सिया असावा' असं म्हटलं. पहिलीत घेण्याआधी शाळेने आयक्यूचा रिपोर्ट मागितला. चाचणी पाऊण तासात झाली. मूल इंग्लिश मीडियमचं म्हणून अर्धे प्रश्न इंग्रजीत, अर्धे मराठीत. रिपोर्ट दोन ओळींचा: बिने-कामत चाचणी, मानसिक वय ४ वर्षं २ महिने, बुद्ध्यांक ६६, सौम्य बौद्धिक अक्षमता. हाच मुलगा साठ तुकड्यांचं जिगसॉ एकटा लावतो, लुडोत काकाने सोंगटी एक घर जास्त सरकवली की हात धरतो, एसटीच्या खिडकीतून मामाच्या गावचा फाटा ओळखतो. वडील म्हणतात, पुण्याला नेऊ, दुसरीकडे चाचणी करू आणि 'नॉर्मल' लिहून आणू. सासूबाई म्हणतात, याचे आजोबाही पाच वर्षांचे झाल्यावर बोलले, डॉक्टर कशाला. आईचा प्रश्न: "हा रिपोर्ट खोटा आहे ना? आणि तसं सिद्ध कसं करायचं?" रिपोर्ट मुलाच्या देखतच वाचून दाखवला, हे त्यांनी शेवटी जाताजाता लिहिलं आहे.

नमस्कार ताई,

'खोटा आहे' असं लिहून तुम्हाला आजची रात्र तरी शांत झोप मिळवून द्यावी, असं वाटून गेलं. पण रिपोर्ट खोटा नाही. तो अपुरा आहे. अपुरा आहे हे त्यावरच लिहायला हवं होतं आणि ते लिहिलेलं नाही, ही त्यातली खरी चूक.

आधी ६६ आला कुठून ते बघू, कारण घरात त्या आकड्याची भीती बसली आहे आणि तो कसा काढला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. गणित शाळेतलं आहे. मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. चार वर्षं दोन महिने म्हणजे ५० महिने. सहा वर्षं चार महिने म्हणजे ७६. पन्नासला शहात्तरने भागा, शंभराने गुणा, ६५.८ येतात, ते झाले ६६. सगळा भार त्या 'मानसिक वया'वर. ते ठरतं मुलाने कोणत्या वयाच्या पायरीवरचे किती प्रश्न सोडवले त्यावरून. आणि या चाचणीतले बरेचसे प्रश्न तोंडाने उत्तर द्यायचे आहेत. वस्तूचं नाव सांग. झोप आली की काय करतोस? मी अंक म्हणते, तसेच म्हण. हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखव.

शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबते. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं ही कसोटी स्पीच थेरपिस्टकडेही असते. तिथे मूल अडखळलं तर भाषेत किंवा उच्चारात अडचण आहे अशी नोंद होते. तेच मूल, तेच वाक्य, तोच अडखळा. शेजारच्या खोलीत तो बुद्धीच्या खात्यात वजा पडतो. तुमच्या मुलाची जी अडचण आधीच माहीत होती, तीच पुन्हा एकदा मोजून तिला दुसरं नाव दिलं गेलं, अशी दाट शक्यता आहे. शक्यता म्हणते आहे. पुढे का ते कळेल.

अ‍ॅप्रॅक्सियात नेमकं काय होतं, तेही थोडं सांगते. ओठ, जीभ, टाळू यांत दोष नसतो. स्नायूंत कमजोरीही नसते. 'पाणी' म्हणायचं तर आधी ओठ मिटायचे, मग उघडायचे, मग जीभ वर वळवायची, हा हालचालींचा क्रम मेंदूने आखून द्यावा लागतो, आणि तो दर वेळी नीट आखला जात नाही. म्हणून शब्द दर खेपेला वेगळा येतो. तुम्ही लिहिलेलं 'पाई', 'आनी', 'आ' हे त्या तज्ज्ञांनी नक्कीच टिपलं असणार. अशा मुलाला तोंडी परीक्षेला बसवणं म्हणजे हात प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाचं अक्षर तपासण्यासारखं आहे.

एक गंमतही आहे, कडवट असली तरी. बिने-कामतमधले कामत धारवाडचे. १९३०च्या दशकात त्यांनी परदेशी चाचणी आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली ती कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर. म्हणजे जी मोजकी जुनी मापनं मराठीतून घडली त्यातलं हे एक, आणि तुमच्या घरी मराठीच बोलणाऱ्या मुलाला ते अर्धं इंग्रजीत दिलं! शाळा कोणत्याही माध्यमाची असो, सहा वर्षांच्या मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. हा मुद्दा तुम्ही बिनदिक्कत मांडा.

मात्र 'चाचणी नव्वद वर्षांची जुनी, म्हणून आकडा कमी आला' असं तुम्हाला कुणी सांगेल, त्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या निकषांनी आकडा सहसा फुगतो, उतरत नाही. आपली बाजू मांडताना कच्चा मुद्दा हाती घेतला की समोरचा पक्केही मोडीत काढतो.

या चाचण्यांचं मूळ पॅरिसमधलं. १९०४ मध्ये तिथल्या सरकारने, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचं काय करावं यासाठी समिती नेमली आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने व सिमॉन यांनी पहिली मोजपट्टी तयार केली. कुणाला जास्त मदत हवी ते शोधणं, एवढाच हेतू. बुद्धी हा एकदाच ठरून गेलेला साठा आहे, या कल्पनेला स्वतः बिनेचा विरोध होता. पुढे लोकांनी त्याच्या पट्टीचा शिक्का केला. तुमच्या शाळेनेही तेच केलं आहे. 'याला शिकवताना काय लागेल?' असं विचारण्याऐवजी 'याला घ्यायचं की नाही?' असं विचारलं.

आता काय करायचं. पहिलं काम पुण्याचं नाही. जिथे चाचणी झाली तिथेच परत जायचं. भांडायला नव्हे, विचारायला. रिपोर्ट दोन ओळींचा असला तरी उत्तरपत्रिका त्यांच्याकडे असते. मुलाने कोणत्या पायरीवरचे कोणते प्रश्न सोडवले ते विचारा. बघून काढायचे, जुळवायचे, मोजायचे प्रश्न त्याने वरच्या वयाच्या पायरीवरचेही सोडवले आणि बोलायचे प्रश्न खालच्या पायरीवरच सुटले, असं निघालं तर तो एक सरासरी आकडा काहीच सांगत नाही. तळपाय बर्फात, डोकं चुलीवर आणि सरासरी तापमान छान, तशातली गत. बोट दाखवून दिलेलं उत्तर ग्राह्य धरलं का, तेही विचारा. मूल थकलं होतं का, रुसलं होतं का, अनोळखी खोलीत गप्प बसलं होतं का, हे रिपोर्टात लिहायची पद्धत असते. तुमच्या रिपोर्टात ती ओळ नाही. रोजच्या व्यवहाराची वेगळी मोजणी झाली का, हाही प्रश्न आहे, कारण तिच्याशिवाय 'बौद्धिक अक्षमता' हे निदान करताच येत नाही. नुसता सत्तरच्या खालचा आकडा पुरत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तर २०१३ पासून 'सौम्य' की 'मध्यम' हेसुद्धा आकड्यावरून ठरत नाही, दैनंदिन वागण्यावरून ठरतं. चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, हे सहीखालच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं. क्रमांक नसेल तर विचारायला लाजू नका.

हे सगळं शांतपणे विचारलं तर बहुतेक सायकॉलॉजिस्ट नीट उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी एका दिवसात आठ-दहा मुलं तपासणाऱ्या माणसाकडून दोन ओळींचा रिपोर्ट निघतो, त्यात दुष्टावा नसतो. शाळेला आकडा हवा होता, त्यांनी दिला.

मग दुसरी चाचणी करायची का? करायची, पण तीच नाही. तीच चाचणी दोन-चार महिन्यांत पुन्हा दिली तर मुलाला प्रश्न आठवतात आणि निकालाला अर्थ उरत नाही. वेगळ्या प्रकारची मागा. 'माझा मुलगा बोलत नाही, तेव्हा बोलावं न लागणारी चाचणी घ्या,' इतक्या सरळ शब्दांत. रेव्हनच्या रंगीत आकृत्यांची चाचणी असते: छत्तीस नक्ष्या, प्रत्येकीचा एक तुकडा गायब, खाली दिलेल्यांतला बरोबर तुकडा बोटाने दाखवायचा. जिगसॉ लावणाऱ्या मुलाला ती परकी वाटणार नाही. 'लायटर' नावाची चाचणी आहे, तिच्यात सूचनासुद्धा खाणाखुणांनी देता येतात. ती सगळीकडे मिळत नाही, मोठ्या शहरातल्या केंद्रात विचारावं लागेल. आणि नागपूरला काम केलेल्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली चाचणी, जिला सगळे 'मिसिक' म्हणतात, सहा वर्षांपासून पुढे चालते. तिच्यात बोलण्याचा आणि हाताने करण्याचा असे दोन भाग आहेत आणि दोन्हींचे आकडे वेगळे निघतात. घेतलीच तर ते दोन आकडे वेगवेगळेच लिहून मागा. दोन्हींत मोठी दरी असेल तर एकत्र आकडा लिहू नका, अशी विनंती करायचा तुम्हाला अधिकार आहे.

आता तुम्हाला न आवडणारं. शब्दांशिवायच्या चाचणीत जो आकडा येईल तोच 'खरा' आकडा, असंही समजू नका. त्यातल्या काही चाचण्या घड्याळ लावून होतात. अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या काही मुलांचे हातही संथ चालतात, ठोकळे जुळवायला वेळ लागतो, तिथेही गुण जातात. शिवाय मनातल्या मनात शब्द वापरून कोडं सोडवण्याची सवय भाषेबरोबरच वाढते. भाषा अडली की तीही थोडी अडते. पूर्णपणे भाषेबाहेरची चाचणी बहुधा कुठेच नाही.

आणि तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी तीनदा वाचलं ते हे: 'त्याला सगळं कळतं.' असेलही. पण घरात आपण मुलाला जे सांगतो त्यातलं निम्मं शब्दांशिवायच कळण्यासारखं असतं. बाबा दारात उभे, हातात गाडीची किल्ली, आणि तुम्ही म्हणता 'चप्पल घाल'. यात 'चप्पल' हा शब्द ऐकायची गरज कुणाला आहे? म्हणून एक करून बघा. जेवताना, मध्येच, हाताने किंवा नजरेने काहीही न दाखवता सांगा: 'आजीच्या खोलीतली निळी उशी आण आणि ती सोफ्याच्या मागे ठेव.' दुसऱ्या दिवशी: 'दूध पिण्याआधी दिवा लाव.' आधी काय आणि मग काय, हे वाक्यातूनच कळायला हवं, अशा सूचना. तो पटापट करत असेल तर तुमच्या वाक्याला आधार मिळाला. तारीख घालून वहीत लिहा. अडखळत असेल, फक्त उशी आणून उभा राहत असेल, तर तेही लिहा. मग बोलण्याबरोबर समजण्यातही अडचण आहे का, हे थेरपिस्टना तपासावं लागेल. भाषाविकासाचा विकार म्हणतात तो हाच, आणि तो दुर्मीळ मुळीच नाही: इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत साधारण सात टक्के मुलांत तो आढळला. बाहेरून पाहणाऱ्याला ही मुलं हट्टी, नाहीतर आळशी वाटतात.

ऐकू येतं असं 'वाटतं', हेही पुरेसं नाही. कानाची रीतसर तपासणी सगळ्यात आधी. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी मूल हाक मारल्यावर वळतं, पण शब्दातली बारीक व्यंजनं त्याला धूसर ऐकू येतात. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. कान, बोलणं आणि मानसशास्त्र या तिन्ही तपासण्या तिथे एका छताखाली होतात. पुण्याच्या फेरीऐवजी एक फेरी तिकडे केलीत तर पैसे आणि रजा दोन्ही सत्कारणी लागतील.

रोजच्या व्यवहाराच्या मोजणीसाठी बहुधा 'व्हाइनलँड' वापरतील. तिचंही भारतीय रूप मालिन यांचंच. यात मुलाला काही करून दाखवायचं नसतं, प्रश्न आईवडिलांना असतात. स्वतः जेवतो का? स्वतः कपडे घालतो का? दुकानातून वस्तू आणतो का? इथे आपल्या घरांची गोची होते. सहा वर्षांच्या मुलाला आजी भरवते, आई आंघोळ घालते, बाबा बुटाचे बंद बांधतात. बोलता न येणाऱ्या मुलाला तर जास्तच, कारण त्याची दया येते. मग प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर 'नाही' असं येतं आणि मूल आहे त्यापेक्षा लहान ठरतं. त्या प्रश्नांना खोटी उत्तरं देऊ नका. घरी आजपासून त्याला करू द्या. भात सांडेल. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात जाईल. चिठ्ठी आणि पैसे हातात देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवा आणि लांबून लक्ष ठेवा. सहा महिन्यांनी उत्तरं आपोआप बदलतील. मोजणी बदलणं हा त्यातला किरकोळ फायदा.

तुमच्या यजमानांच्या 'नॉर्मल लिहून आणू'बद्दल थोडं. सल्लागार म्हणून काम करताना मी असं एक घर पाहिलं आहे. मुलगी साडेसहा वर्षांची, बोलणं तुटक, पहिला आकडा ६४. वडिलांनी वर्षभरात तीन शहरं केली. ७१, मग ६८, मग कुठेतरी ८२. ब्याऐंशीचा कागद लॅमिनेट करून शाळेत दिला आणि पेढे वाटले. शाळेने तो वाचून तिला कसलीही सवलत दिली नाही, कारण कागदावर सगळं ठीक होतं. दुसरीत ती वर्गात गप्प बसून राहायची, तिसरीत पोटात दुखतं म्हणून शाळा चुकवायची. तिला खरंच दोन्ही गोष्टी होत्या: बोलण्यातली अडचण होती, आणि शिकण्याचा वेगही कमी होता. कधीकधी असतात दोन्ही. तिच्या वडिलांचा राग मला समजतो. पण त्या वर्षात जेवढ्या चाचण्या झाल्या, त्याच्या निम्म्यानेही थेरपी झाली नाही.

म्हणून विचारते, यजमानांना आणि तुम्हालाही. समजा, सगळं नीट करून, मराठीत, बोटाने उत्तरं घेऊन, दोन वेगळ्या दिवशी चाचणी केली आणि आकडा ७४ आला, किंवा पुन्हा ६८च आला. मग? जिगसॉ लावणारा, काकाची लबाडी पकडणारा मुलगा तोच असेल. पत्रात 'नॉर्मल' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि थेरपी हा शब्द एकदा. मला ते प्रमाण उलटं झालेलं आवडेल. सहाव्या वर्षी, भाषा अडलेली असताना काढलेला कोणताही आकडा तात्पुरताच. आठ-नऊ वर्षांचा झाला की पुन्हा बघायचाच आहे.

थेरपी मात्र आकड्यासाठी थांबत नाही. अ‍ॅप्रॅक्सियात हालचालींचा क्रम घोटवून बसवायचा असतो, तबल्याच्या बोलांसारखा. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन तो बसत नाही. तीन ते पाच वेळा, थोडा थोडा वेळ, मुलाबरोबर एकट्याने, असं सुचवतात. तालुक्याच्या गावी राहून ते अवघड आहे हे मला माहीत आहे. तेव्हा थेरपिस्टना स्पष्ट विचारा: आठवड्यात एकदा आम्ही येऊ, दोन वेळा व्हिडिओ कॉलवर घ्याल का, आणि रोज घरी दहा मिनिटं मी नेमके कोणते पाच शब्द घ्यायचे ते लिहून द्याल का? पहिले शब्द त्याच्या गरजेचे असू द्या. 'कमळ' आणि 'बदक' नंतर. आधी 'नको', 'मला', 'थांब'. मेणबत्ती फुंकणं, शिट्टी वाजवणं, जिभेला ब्रश घासणं यातच सगळा तास जात असेल तर हरकत घ्या. फुंकायला शिकलेलं मूल फुंकायलाच शिकतं.

सासूबाईंचा वेखंडही आलाच असेल एव्हाना. मधात उगाळून जिभेला, नाहीतर पोपटाचा उष्टा पेरू. माझ्या आजीनेही माझ्या धाकट्या भावाला तो पेरू खाऊ घातला होता. तो आता बोलायचा थांबत नाही, पण श्रेय पेरूचं नसावं. पेरू खाऊ द्या, बिघडत नाही. वेखंड मात्र पोटात जाऊ देऊ नका, आणि कुणी जिभेखालचा पडदा कापायला सांगितलं तर थेरपिस्टना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. हालचालींचा क्रम चुकणं त्या पडद्याने होत नाही. आजोबा उशिरा बोलले हे मात्र फेकून द्यायची माहिती नाही. बोलण्याच्या अडचणी घराण्यात चालत येतात. आजोबांना वाचायला-लिहायला त्रास झाला का, हे सासूबाईंनाच विचारा आणि थेरपिस्टना सांगा. मदतीची माहिती त्यांच्याकडेच आहे असं त्यांना कळलं की 'डॉक्टर कशाला' जरा मऊ पडेल.

बोलणं येईपर्यंत त्याला चित्रांचा आधार द्या. वहीत फोटो चिकटवा: पाणी, शू, दुखतंय, आवडलं नाही, खेळायला चल. फोन चालत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारला जातो. 'याची सवय लागली तर बोलणारच नाही' ही भीती प्रत्येक घरात असते. तसं होत नाही; झालाच तर बोलण्याला हातभार लागतो. आणि पुढच्या चाचणीच्या वेळी त्याच्याकडे उत्तर द्यायचा एक मार्ग तयार असेल, हे वेगळंच.

शाळा. शिक्षणहक्क कायद्याच्या, २००९च्या, तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला बंदी आहे. खासगी शाळांनाही; अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा अपवाद आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश देणं बंधनकारक आहे. म्हणजे आयक्यूचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय पहिलीत घेणार नाही, असं त्यांना म्हणता येत नाही. हे पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. मूल तिथे दहा वर्षं काढणार आहे. आधी थेरपिस्टकडून एक पत्र न्या, आकडा नसलेलं: याला काय जमतं, काय अडतं आणि वर्गात काय करावं. कविता म्हणून दाखवण्याऐवजी चित्रं क्रमाने लावून दाखवू द्या. तोंडी परीक्षेत चार पर्यायांतून बोट ठेवू द्या. उत्तराला दहा सेकंद जास्त द्या. बाई चांगल्या असतील तर एवढ्याने काम होतं. मुख्याध्यापक तरीही अडून बसले तर मग लेखी मागा, 'कोणत्या नियमाने रिपोर्ट हवा ते लिहून द्या'. बहुतेक ठिकाणी हे वाक्य पुरतं. नाही पुरलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज.

दिव्यांग प्रमाणपत्राची घाई नको, पण त्याची लाजही नको. कायद्यातल्या एकवीस प्रकारांत बौद्धिक अक्षमतेचा रकाना वेगळा आहे आणि वाचा-भाषेचा वेगळा. आत्ताच्या दोन ओळींच्या रिपोर्टवर पहिल्या रकान्यात नोंद करून घेऊ नका, एवढंच. पूर्ण तपासणी होऊन जे ठरेल त्याचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यातून मिळणाऱ्या सवलती हक्काने वापरा.

एक शेवटचं राहिलं. रिपोर्ट त्याच्या देखत वाचला गेला, असं तुम्ही लिहिलंत. वडील चिडले, आजी रडली, तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात. त्याला सगळं कळतं असं तुम्हीच म्हणता ना? मग हेही कळलं असणार. शब्द नसतील कळले, चेहरे तर कळलेच. आणि त्याच्याकडे विचारायला शब्द नाहीत. तेव्हा वांद्र्याच्या आधी, शाळेच्या आधी, आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि सांगा, की त्या दिवशी त्या बाईंनी बोलायचेच खेळ घेतले, तुला तोंडात शब्द लावायला कठीण जातं ते आम्हाला ठाऊक आहे, आपण ते शिकायला जाणार आहोत, आणि पुढच्या वेळी चित्रांचे खेळ मागून घेऊ. मग लुडो काढा. काकांनाही बोलवा.